समुद्रात मीठ कोणी घातलं

माझ्या समुद्राच्या चित्रांत लाट फुटते तिथे चांदण्यांसारखे पांढरे ठिपके दिसतात. लोक मला त्या ठिपक्यांवरूनच ओळखतात. पांढरा रंग न लावता जलरंगात हे कसं आणलंत, असं मला कितीदा तरी विचारलं गेलं, आणि मी दर वेळी तेच उत्तर दिलं : 'प्रयोग करता करता सापडलं.' हे खोटं आहे. ती युक्ती माझी नाही. ती कोकणातल्या एका बाईंची आहे, आणि ती त्यांच्याकडून मला मिळाली तेव्हा मी त्यांच्या अंगावर ओरडलो होतो. माझ्या चित्रांचं पुस्तक निघतं आहे. त्यात हे जसं घडलं तसं छापलं जावं म्हणून लिहितो आहे. वय ब्याऐंशी. आता आणखी थांबण्यात अर्थ नाही.

मी पुण्यातल्या एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक होतो. पेठेत दोन खोल्यांचं बिऱ्हाड, आणि त्यातला मोरीशेजारचा कोपरा माझा. तिथे पाट टाकून मी समुद्र काढायचो. समोरच्या बिऱ्हाडातले निवृत्त कारकून रोज खिडकीतून विचारत, "काय मास्तर, आज भरती का ओहोटी?" बुधवार पेठेत ज्यांच्याकडून मी चित्रांना चौकटी करून घेत असे ते गृहस्थ तर सरळच म्हणत, "अहो, मुठेत पाणी नाही आणि तुम्ही लोकांना भिंतीवर समुद्र टांगायला सांगता. गणपती काढा, गणपती."

मी गणपती काढले नाहीत. दिवाळीची सुट्टी लागली, मेची सुट्टी लागली, की स्वारगेटवरून पहाटेची एस.टी. पकडायची आणि समुद्र गाठायचा. चित्राचा फळा चादरीत गुंडाळून काखेत घेतलेला असे. "कॅरम आहे का?" असं दर खेपेला कुठला तरी कंडक्टर विचारायचाच. एकाने तर फळ्याचं अर्धं तिकीट मागून सगळी गाडी हसवली होती.

ज्या गावाला मी जायचो तिथे समुद्रापासून तीस-चाळीस पावलांवर एक घर होतं. घरधनी मचव्यावर खलाशी, महिनोन्महिने बाहेर. त्यांची बायको पाहुण्यांना एक खोली आणि दोन वेळचं जेवण द्यायची. मी त्यांना वहिनी म्हणायचो. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, उंच, आवाज खणखणीत. मी शाकाहारी, त्यामुळे माझी आमटी-भाजी त्या वेगळ्या भांड्यात करायच्या, आणि त्यावरून मला बोलूनही घ्यायच्या.

"मास्तर, तुम्ही मासे खात नाही, मासे काढत नाही. मग समुद्रावर येता कशाला?"

"बघायला."

"आम्ही रोज बघतो. आम्हाला कोण सुट्टी देत नाही."

त्या पंधरा-पंधरा दिवसांत मी किती आनंदात असायचो, ते नीट सांगता येईल का कोण जाणे. सकाळी उठलं की आधी पाण्याकडे बघायचं, मग चूळ भरायची. अर्धी चड्डी, डोक्याला पंचा, एका करवंटीत रंग धुवायचं पाणी आणि एका करवंटीत स्वच्छ पाणी. वाऱ्याने कागद उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड. पहाटे समुद्र पाटीसारखा काळसर असतो, सूर्य वर आला की ताकासारखा होतो, आणि दहा वाजले की सगळे रंग उडून नुसता उजेड उरतो. मग परत फिरायचं. रोज तीन कागद वाया जायचे. चौथा जमला की तो कोणाला तरी दाखवल्याशिवाय राहवायचं नाही. एकदा मी सायकलवरच्या पोस्टमनला थांबवून चित्र दाखवलं. ते म्हणाले, "छान आहे. कुठला समुद्र?" मी म्हटलं, "हा काय, तुमच्या मागे." त्यांनी वळून बघितलं, पुन्हा चित्र बघितलं आणि काही न बोलता पॅडल मारलं.

त्यांचं गप्प राहणं बरोबरच होतं. माझ्या समुद्राला रंग होता, पण लाट फुटत नव्हती. पांढरा रंग लावला की फेसाचं पिठलं व्हायचं, कागद कोरा सोडला की तिथे कापूस ठेवल्यासारखं दिसायचं.

तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात एका दुपारी वहिनींच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, मी सात ओले कागद पसरून बसलो होतो. वहिनी टोपलीभर बांगडे खारवत होत्या. जाडं मीठ हातात घेऊनच त्या उठल्या, माझ्यापाशी आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"हा समुद्र होय? हे तर न्हाणीतलं पाणी. ह्यात मीठ कुठाय?"

आणि हातातलं मीठ त्यांनी माझ्या ओल्या लाटेवर फेकलं.

मी ताडकन उठलो. "अक्कल आहे का तुम्हाला?" असं ओरडलो. त्यांच्याच घरात, त्यांच्याच अंगणात. त्या परत जाऊन बांगड्यांपाशी बसल्या. मी तणतणत किनाऱ्यावर गेलो.

तासाभराने परत आलो तेव्हा कागद वाळला होता. मिठाचे खडे हाताने झटकले आणि तसाच बसून राहिलो. प्रत्येक खड्याने आपल्यापुरतं पाणी आणि रंग शोषून घेतला होता आणि खाली एक एक पांढरी चांदणी उमटली होती. लाट फुटली होती! तुषार उडत होते. मी एकटाच हसायला लागलो. त्या संध्याकाळी वहिनींच्या मिठाच्या मडक्यातून मी न विचारता मूठभर मीठ घेतलं आणि उरलेल्या सुट्टीत तेच करत राहिलो. कागदावरची ओली चकाकी जायच्या बेतात असते तेव्हाच मीठ टाकायचं, आधी टाकलं तर विरघळतं, नंतर टाकलं तर नुसतं चिकटतं, हे मात्र मी माझं मी शिकलो. तेवढं माझं.

वहिनींची माफी मागितली नाही. निघताना एवढंच म्हणालो, "जमलं बरं का."

"जमणारच की," त्या म्हणाल्या.

पुढे काही वर्षांनी पुण्यात माझं पहिलं प्रदर्शन झालं. लोक चित्रांना नाक लावून बघत होते. एका वर्तमानपत्राच्या वार्ताहराने विचारलं, "हे कसं साधलंत?" पलीकडे माझे मुख्याध्यापक उभे होते, दोन मोठे चित्रकार उभे होते. मासे खारवणाऱ्या बाईंनी मीठ फेकलं, हे त्यांच्यासमोर सांगायची मला लाज वाटली. म्हणालो, "स्टुडिओत पुष्कळ वर्षं प्रयोग केले." दुसऱ्या दिवशी ते छापून आलं.

बायको त्या वेळी शेजारीच होती. घरी येताना म्हणाली, "कुठे केलेत हो प्रयोग? मोरीत?" आणि थोडं पुढे गेल्यावर, "त्या वहिनींचं नाव घेतलं असतंत तर तुमचं काय कमी झालं असतं?"

"पुढच्या वेळी सांगेन," मी म्हटलं.

पुढची वेळ लवकरच आली. त्याच वार्ताहराला मला समुद्रावर काम करताना बघायचं होतं. मेमध्ये तो एका दिवसासाठी गावात आला. आम्ही ओटीवर बसलो, दार उघडं होतं, आत चुलीपाशी वहिनी होत्या, आणि मी पुन्हा तेच सगळं सांगितलं. स्टुडिओ, प्रयोग, वर्षं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

जेवायला बसलो. आपल्याकडे पानात सगळ्यात आधी मीठ वाढतात, वर डाव्या कोपऱ्यात. वहिनींनी वार्ताहराच्या पानात मीठ वाढलं. माझ्या पानापाशी आल्या आणि मिठाची वाटी घेऊन तशाच आत गेल्या. मग त्याला मासे, मला माझी वेगळी आमटी, माझी वेगळी भाजी. पहिला घास घेतला. आमटीत मिठाचा कण नव्हता. भाजीत नव्हता. भातातसुद्धा नव्हता.

वार्ताहर बोटं चाटत म्हणाला, "वाहवा वहिनी, काय चव आहे! मीठ तर अगदी बेताचं."

"ह्यांनाही विचारा की," वहिनी म्हणाल्या. "मास्तर, आमटी कशी झालीय?"

"छान."

"अजून वाढू?"

"वाढा."

दोन वाट्या आमटी प्यायलो. पानात काही टाकलं नाही. वहिनी समोर उभ्या राहून बघत होत्या. संध्याकाळी सामान बांधलं, दुसऱ्या दिवशी निघालो, आणि त्या गावाला परत कधी गेलो नाही.

समुद्र सुटला नाही. दुसरी गावं शोधली, दुसरे किनारे. चाळीसएक वर्षं रंगवत राहिलो, मीठ टाकत राहिलो, आणि खोटं नाही सांगत, मजेत राहिलो. फक्त कुठेही पान मांडलं की माझी नजर आधी डाव्या कोपऱ्यात जायची.

गेल्या हिवाळ्यात घरी फोन आला. एक मुलगी बोलत होती. हिंजवडीत नोकरी करते म्हणाली. तिच्या ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर माझं एक चित्र लागलंय. तिने त्याचा फोटो आपल्या आजीला दाखवला, तर आजीने त्यातले दोन खडक लगेच ओळखले.

"आजी सध्या माझ्याकडेच राहते. तिने तुम्हाला एकच विचारायला सांगितलंय, आजोबा. म्हणजे मला काही कळलं नाही, पण ती म्हणाली, मास्तरांना विचार, त्या दिवशीचं जेवण कसं होतं."

मी फोन बायकोपुढे केला. तिने पत्ता लिहून घेतला. रविवारी सकाळी बघतो तर ही इरकली नेसून तयार. "चला. आणि रंग घ्या बरोबर. माफी मागायला असं रिकाम्या हाताने जाऊ नये."

रिक्षाने हिंजवडीला पोचायला दोन तास लागले. पूर्वी एवढ्या वेळात एस.टी. घाटाला लागायची. चौदाव्या मजल्यावरच्या त्या घरात खिडकीशी वहिनी बसल्या होत्या. वाकून उंची कमी झालेली, कानाला यंत्र, आवाज मात्र तोच.

"म्हातारे झालात, मास्तर."

मी रिक्षात जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो. म्हटलं, "वहिनी, आमटी अळणी होती."

त्या इतक्या हसल्या की नात पाणी घेऊन धावली. मग मी सगळं सांगितलं, नातीच्या आणि बायकोच्या समोर. ओरडलो ते, मडक्यातून मीठ घेतलं ते, वार्ताहराला सांगितलं ते. आणि विचारलं, "पुस्तकात खरं लिहिलं तर चालेल ना? समुद्र कसा दिसायला हवा, ते मला तुम्ही शिकवलंत."

"शिकवलं कुठलं!" वहिनी म्हणाल्या. "माझे बांगडे वाळत घालायला जागा नव्हती. सगळ्या खळ्यात तुमचे कागद. दोन वर्षं सोसलं, तिसऱ्या वर्षी डोकं फिरलं आणि टाकलं मीठ. तुमचा कागद नासावा म्हणूनच टाकलं."

माझी बायको डोळे पुसत हसत होती. चाळीस वर्षं मी मनात त्यांना गुरू करून ठेवलं होतं, तेही चुकलं होतं.

"मग अळणी जेवण का वाढलंत?" मी विचारलं.

"चित्र नासायचं ते चांगलं झालं, म्हणजे मीठ माझंच की नाही? आणि तुम्ही खोटं बोलताय ते कळलंय मला, हे तुम्हाला कळायला नको? तुम्ही निमूट सगळं जेवलात. म्हटलं, माणूस लबाड आहे, पण कळतंय त्याला."

रंग आणले होते. नातीच्या जेवणाच्या टेबलावर कागद ओला केला आणि दोन खडकांचा तोच समुद्र काढला. वहिनी खुर्चीतून सूचना करत होत्या : इथे काळं करा, मेमध्ये तिथे एवढं पाणी नसतं. मीठ टाकायची वेळ आली आणि घरात निघालं बारीक मीठ. नातीने फोनवर कसलंतरी बटण दाबलं आणि दहा मिनिटांत दारात पुडी आली. मी तोवर कागदाच्या कडेने पाणी सोडत तो ओला ठेवला. पुडीतले खडे गुलाबी.

"हे कसलं?" वहिनी म्हणाल्या. "समुद्राला लाज वाटली काय?"

पण खडे जाडे होते. मी कागदावरची चकाकी बघत थांबलो, मग म्हटलं, "आता टाका." वहिनींचा हात थरथरत होता, त्यामुळे मीठ मला आयुष्यात कधी जमलं नाही इतकं सुरेख पसरून पडलं.

कागद वाळेपर्यंत जेवण झालं. वहिनी काठी टेकत उठल्या, माझ्या ताटात डाव्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने मीठ वाढलं. चांगलं ढीगभर.

"अहो, ह्यांना ब्लडप्रेशर आहे," बायको म्हणाली. "डॉक्टरांनी आठ वर्षांपासून अळणीच सांगितलंय."

"बघा!" वहिनी म्हणाल्या. "मीच आधी सांगितलं होतं." आणि ढिगातलं अर्धं मीठ बोटांनी परत उचललं. अर्धं ठेवलं. मी ते सगळं खाल्लं. बायकोने खिडकीकडे बघितलं.

निघताना मी विचारलं, "मग नक्की काय लिहू?"

"लिहा, रागाने टाकलं. आणि चिमूटभर नाही, मूठभर."

"मी ओरडलो तेही लिहू?"

"ते आधी लिहा," वहिनी म्हणाल्या.

म्हणून ते आधी लिहिलं आहे.