डोणीतली माती

दुष्काळी शिंदखेड्याकडच्या माणसाला पाण्याचं मोल सांगावं लागत नाही, आणि ताईबाईंना तर कुणी काहीच सांगू शकत नाही. अशा ताईबाई तीन महिन्यांसाठी मुलाकडे, हितेंद्रकडे, इंग्लंडात गेल्या.

लंडनजवळचं ते गाव जुनं आणि गडगंज. सकाळी अख्खं गाव टाय लावून गाडीने लंडनला कामावर जायचं. शेतकरी औषधालाही नाही, पण घरांची नावं मात्र ‘जुना गोठा’, ‘जुनी गिरणी’. गोठ्याची किंमत ऐकून ताईबाई म्हणाल्या, “इतलामा बठ्ठा शिंदखेडा इकत भेटी, ढोरंससकट!”

हितेंद्र तिथे सहा वर्षं राहत होता, तरी गाव त्याला ‘तो नवीन आलेला’ म्हणायचं. गावाचा जुना ठेवा जपणारी एक समिती होती. तिच्यात आपल्याला घ्यावं म्हणून बिचारा अंगणातलं गवतसुद्धा पट्टी लावून कापायचा. “आई, इथे जपून हं,” त्याने बजावलं होतं.

चौथ्या दिवशी ताईबाईंना चौकात दगडी डोणी दिसली. त्यांच्या गावात पोळ्याला बैल जिच्यात मानाचं पाणी पितात, अगदी तशीच. आणि हिच्यात चक्क माती, वर फुलं! असा वाह्यातपणा करणाऱ्याला त्यांच्या गावात कुणी मुलगी दिली नसती. ताईबाईंनी पदर खोचला. फुलं मुळांसकट अलगद काढून कडेला लावली, माती उपसली, डोणी घासली आणि घरून बादल्या आणून काठोकाठ भरली.

संध्याकाळी समितीच्या अध्यक्षबाई तिघांना घेऊन दारात हजर. त्या फुलांना तीनदा बक्षीस मिळालं होतं म्हणे. हितेंद्रचा चेहरा पांढराफटक. सहा वर्षांचं गवत कापणं एका दुपारी वाया!

“त्यासले इचार,” ताईबाई शांतपणे म्हणाल्या, “आठे ढोरं पानी कोठे पेतस?”

हितेंद्रने चाचरत इंग्रजी केलं. डोणी कुणी घडवली, कुणी दान दिली, सारं त्या चौघांना पाठ होतं. पण तिच्यात पाणी कुणीच पाहिलं नव्हतं.

सगळे चौकात गेले. एक मुलगी घोड्यावरून उतरून उभी होती आणि घोडा डोणीत तोंड खुपसून आवाज करत पाणी पीत होता. अध्यक्षबाईंनी पुढे होऊन घोड्याच्या मानेवरून हात फिरवला.

फुलं कायमची कडेला राहिली. समितीत एक जागा वाढली: डोणी भरणाऱ्याची.

ताईबाई गावी परतल्यावर शेजारच्या निंबाने चिडवलंच, “अक्का, इतलं शिकीसनी पोऱ्या तठे बादल्या उचलस?”

“उचलस ना!” ताईबाई ताठ बसल्या. “पन आते बठ्ठं गाव त्याले नाव लिसन हाक मारस.”