काचेच्या पेटीतला दिवा

दिवा लागला की हात जोडायचे, ही माझी लहानपणापासूनची सवय. काल दवाखान्यात डॉक्टरांनी भिंतीवरच्या काचेच्या पेटीतला दिवा लावला आणि माझे हात आपोआप जुळले. ह्यांनीही जोडले. त्या उजेडावर ह्यांच्याच छातीचा फोटो लावलेला होता.

डॉक्टर हसले नाहीत. शेजारच्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "व्हेरी इल्युमिनेटिंग."

मी लेकीला, सुमनला, हळूच विचारलं, "म्हणजे काय गं?"

"उजेड पाडणारं. पण दिव्याला फारसं म्हणत नाहीत, आई. ज्यानं एखादी गोष्ट नीट कळते, त्याला म्हणतात."

"मग चांगलाच शब्द की," हे म्हणाले. "त्यांना कळलं ना, आता खोकला पळालाच समज."

मी फोटोकडे पाहत राहिले. बरगड्यांच्या मध्ये एक पांढरा डाग होता, पिठाचं बोट टेकल्यासारखा. इतकी वर्षं ह्यांच्या शेजारी बसून जेवले, ह्यांचे सदरे धुतले, पण ह्यांच्या आत काय चाललंय ते मला कधी दिसलं नाही. न दिसण्यातच आम्ही सुखी होतो. उजेड भलंच करतो, असं मी आजवर धरून चालले होते. तो बिचारा नुसता दाखवतो. पुढचं त्याच्या हातात नसतं.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं आणि सुमनला एकटीला थांबवून घेतलं. ती बऱ्याच वेळानं आली.

"काय म्हणाले?" ह्यांनी विचारलं.

ती ह्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावत म्हणाली, "आधी चहा घेऊ या, बाबा."

हे उठले आणि तिच्या आधीच चहाला चालू लागले.