'नेव्हर'ची पायरी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी वाळूजला कंपनीच्या गेटपाशी मोटारसायकल लावत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यानं विचारलं, "अचानक?" मुकुंदवाडीला पोचलो तर गल्लीतल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, "शांतपणे गेले ना?" नुसतं 'गेले' म्हणून कुणाचं भागत नव्हतं. कसे गेले, ते प्रत्येकाला हवं होतं... दादा असता तर म्हणाला असता, "बघ, माणूस मेला तरी लोक क्रियाविशेषण मागतात."

दादा माझा थोरला भाऊ. शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि संध्याकाळी घराच्या वरच्या खोलीत शिकवणी घ्यायचा. शेंद्र्याकडच्या आमच्या गावातून मला शिकायला त्यानंच इथं आणलं. त्या खोलीकडं जाणाऱ्या जिन्याच्या पायऱ्यांवर त्यानं ऑइलपेंटनं इंग्रजी शब्द रंगवले होते. सगळ्यात खाली नेव्हर, मग रेअरली, समटाइम्स, ऑफन, यूज्वली आणि वर ऑलवेज. पोरं आली की पहिला प्रश्न ठरलेला. "अभ्यास करतो का?" "करतो सर." "ते झालं. किती वेळा करतो? पायरी दाखव." मग ज्यानं त्यानं आपापल्या पायरीवर जाऊन उभं राहायचं. बहुतेक जण 'ऑफन'वर दाटीवाटीनं उभे राहत. 'नेव्हर'वर कुणी थांबत नसे. एकदा एक पोरगा तिथंच मांडी घालून बसला. "सर, मी इथंच बरा. चढायचा तरास नाय." दादा पोट धरून हसला. "लई खरं बोललास. चल, आधी तू वर."

इंग्रजी मी पुढं कंपनीतही रोज वापरलं, पण ती भाषा मला कळली ती त्या जिन्यावर. दादा म्हणायचा, "हे शब्द इंग्रजीत कुठं बसतात बघ. माणूस आणि त्याचं काम, या दोघांच्या मधोमध. 'ही कम्स' म्हटलं की तो येतो. मधे 'नेव्हर' घाल. येणं तसंच लिहिलेलं राहतं, माणूस मात्र येत नाही." आणि स्लोली, काइंडली, सिक्रेटली असले शब्द? ते बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी. "माणूस आधी करून मोकळा होतो," तो म्हणायचा, "कसं केलं, ते मागून कळतं." आम्ही हे वहीत उतरवून घ्यायचो. तेव्हा त्यात भिण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

दोन-अडीच वर्षांपूर्वी दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. ज्याच्या तोंडात शब्द मावत नव्हते, त्याच्या तोंडातून नुसता घोगरा आवाज यायला लागला. सुरुवातीला मी जात होतो. एका रविवारी तो माझा हात घट्ट धरून काहीतरी सांगायला बघत होता. तोंडातून लाळ गळत होती. मी खिशातल्या रुमालानं ती पुसली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं लई बळ वाटतं ह्यांना." आणि परत जाताना रस्त्यात गाडी थांबवून मी तो रुमाल कचऱ्याच्या ढिगावर टाकला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. मला दादाची किळस आली होती. पुढं सगळ्यांना सांगत राहिलो की कंपनीत काम वाढलंय, शिफ्ट बदललीय. तसं काही नव्हतं. मी मुकुंदवाडीपर्यंत जायचो. त्याच्या घरासमोर, किराणा दुकानाच्या आडोशाला, गाडी चालू ठेवून उभा राहायचो. स्टेशनातून एखादी रेल्वेगाडी धडधडत जायची. तिचा आवाज विरला की आता आत जाऊ, असं मनाशी ठरवायचो... आणि परत फिरायचो.

दहाव्याला दादाचा एक जुना विद्यार्थी भेटला. गहिवरून म्हणाला, "काका, तुम्ही तर नेहमी येत असाल सरांकडं." मी म्हणालो, "हो. नेहमी." वहिनी जवळच चहा गाळत होत्या. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी माझा कप भरून माझ्यापुढं ठेवला.

तो 'नेहमी' मला झोपू देईना. गाडीचं इंजिन बंद केलं तरी कानात तेच घुमायचं. शेवटी परवा गेलो आणि वहिनींना म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो. मी येत नव्हतो."

"माहीतंय," त्या म्हणाल्या. "ह्यांनाही माहीत होतं."

मला वाटलं होतं, दादा वरच्या खोलीत पडून असेल. पण रोज संध्याकाळी तो वहिनींच्या आधारानं जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन बसायचा. तिथूनच फाटक दिसतं, आणि फाटकातून दुकान.

"तुमची गाडी दिसायची त्यांना," वहिनी म्हणाल्या. "मी हाक मारायला उठले की डाव्या हातानं पदर धरून मला खाली बसवायचे. एकदा मी चिडले. म्हटलं, सख्खा भाऊ तो, दारातून परत जातो, अन् तुम्ही मला गप करता व्हय? तर नुसती मान हलवली. तुम्ही दिसेनासे होईपर्यंत टाच घासत राहायचे पायरीवर."

मी जिन्यापाशी गेलो. वरच्या पायऱ्यांवरचे शब्द अजून ठळक आहेत. ज्या पायरीवर त्याचे विद्यार्थी सहसा थांबत नसत, त्या 'नेव्हर'च्या दर्शनी बाजूचा रंग तेवढा उडालाय. डाव्या टाचेनं घासून अर्धा शब्द गेलाय. मागून वहिनी म्हणाल्या, "वर या ना भाऊजी, चहा ठेवते." मी होय म्हणालो, पण खालीच बसलो. तिथून किराणा दुकान खरंच स्पष्ट दिसतं... माझी टाच बरोबर त्या उडालेल्या रंगावर येत होती.