कानतुटका कप

सोमवारी सकाळी रुफिनोने खोकला गिळला आणि गुरुवारपर्यंत असुन्सिओन शहराच्या बाजाराचा अख्खा कोपरा आडवा झाला: मासेवाला, दोघी भाजीवाल्या आणि खुद्द देओलिंदामावशी.

मावशी चाळीस वर्षं तिथे औषधी पाला विकते. उखळीत गवती चहा नि पुदिना कुटायचा, थंड पाण्यात घालायचा, आणि शिंगाच्या पेल्यातून सगळ्या शेजाऱ्यांना तेरेरे नावाचा हा गार काढा पाजायचा. पेला एक, नळी एक, तोंडं सात. पण तिची नजर! नाक वाहायच्या आधी आजारी माणूस ओळखायची.

"उन्हात खांदे आवळतोयस, डोळे पाणावलेत, हात तापलाय. घसा खवखवतोय ना? चल, कप घे."

कप म्हणजे फळीवर वेगळा ठेवलेला, कान तुटलेला. तो हातात आला की बाकाच्या टोकाला एकट्याने प्यायचं आणि वर सगळ्यांची चेष्टा सोसायची. चेष्टेत पुढे कोण, तर कुलपं दुरुस्त करणारा रुफिनो. मासेवाल्या अनास्तासिओला त्याने आठवडाभर "कपसम्राट" म्हणून हाका मारल्या होत्या.

आणि त्या सोमवारी त्याचंच अंग मोडून आलं. घसा सोलवटलेला, भर उन्हात अंगावर काटा.

"आवाज का बसला रे?" मावशीने विचारलं.

"काल मॅचला ओरडलो, मावशी."

तिने विश्वास ठेवला. त्याच्यानंतर त्या नळीला सगळ्यात आधी तोंड लावलं ते तिनेच.

सत्तरीची बाई. ताप चढला, धाप लागली, चार दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर काढले. रुफिनो रोज फाटकापर्यंत जायचा आणि तिथूनच परतायचा. बाजारात कुणी नुसतं खाकरलं, तरी हा कुलपात डोकं खुपसायचा.

ती घरी आली तेव्हा तो कोंबडीच्या सुपाचं पातेलं घेऊन दारात उभा राहिला. मावशी खुर्चीत अर्धी झाली होती.

"मावशी, त्या रविवारी मॅच नव्हतीच," तो पातेल्याशीच बोलला. "सगळी लक्षणं ठाऊक होती मला. तुझ्याच तोंडून शंभरदा ऐकलेली. अनास्तासिओ हसेल म्हणून कप घेतला नाही, बास. आता बाकावर यायला तोंड नाही मला. दे ना शिव्या!"

मावशीने झाकण उचलून सूप हुंगलं. मग त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बाकावर ये, पण वर्षभर कप तुझा."