एक प्रामाणिक चेष्टा

मला मराठी बोलायला काकांनी शिकवलं. घरी आई-बाबा मराठीच बोलायचे, पण ते आमच्या कानातून आत जायचं आणि तोंडातून अर्धं हिंदी होऊन बाहेर यायचं. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या वर तमिळ कुटुंब, समोर गढवाली, आणि मैदानावर सगळ्यांची भाषा एकच. मी बहिणीला "पंखा चालव" म्हणालो की तळमजल्याच्या खिडकीतून काका ओरडायचे, "कुठपर्यंत चालवू? मोतीबागपर्यंत? गाढवा, पंखा लावतात."

काका नात्याने आमचे कोणी नव्हते. काकू केंद्र सरकारच्या नोकरीत होत्या. त्यांची मुंबईहून दिल्लीला बदली झाली, क्वार्टर मिळालं आणि मागोमाग काका आले. त्याआधी बरीच वर्षं ते मुंबईत हिंदी सिनेमात काम करायचे. काम ठरलेलं, हिरोचा मित्र. मध्यंतराच्या आत मरायचं. "मी मेलो की हिरोला राग यायचा आणि गोष्ट पुढे सरकायची," ते सांगायचे. "माझ्यावाचून एक बदला घेतला गेला नाही त्या काळात." एकदा मी त्यांच्याबरोबर बसमध्ये होतो. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला आणि घाबरल्यासारखा म्हणाला, "आप तो मर गए थे ना?" काकांनी हात जोडले. "छुट्टी पे आया हूँ, भाईसाहब."

रविवारी सकाळी ते मला समोर बसवून पुण्याहून टपालाने येणारी जुनी मासिकं मोठ्याने वाचायला लावायचे. वाक्य संपलं की थांबायचं, हा त्यांचा नियम. मी थांबलो नाही की ते मासिक मिटायचे. "बस सुटतेय का तुझी? परत म्हण." त्या सकाळी काकू पोह्यांवर खोबरं घालून आणायच्या, आणि मला वाटायचं, जगात हे एकच घर आहे जिथे मी चुकलो की कोणालातरी आनंद होतो. चूक सापडली की काकांचा चेहरा खरोखर उजळायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सगळीकडे केबल आली. चॅनेलं वाढली, नोएडात स्टुडिओ उभे राहिले, आणि दिल्लीत बसून मालिका करता येऊ लागल्या. काकांना कामं मिळायला लागली, पण त्यांनी एक दिवस जाहीर केलं की आता अभिनय बस. "हिरोच्या मित्राला चाळिशीनंतर हिरोचा काका करतात. पन्नाशीत फोटो काढून भिंतीवर टांगतात आणि हार घालतात. त्याच्या आधी मी कॅमेऱ्यामागे जातो." आणि ते खरंच गेले. मालिकांचे भाग दिग्दर्शित करू लागले. स्कूटरवरून यमुना ओलांडून रोज नोएडाला जायचे, धूळ खाऊन परत यायचे आणि जिन्यातूनच हाक मारायचे, "आज सासूला तीनदा बेशुद्ध पाडली!"

पण त्यांना स्वतःचा एक सिनेमा करायचा होता. मराठीत, आणि दिल्लीतल्या मराठी घरावर. वडील निवृत्त होतात, त्यांना पुण्याला परत जायचंय. मुलगा इथेच वाढलेला, त्याला नोएडात फ्लॅट घ्यायचाय. एवढीच गोष्ट. त्यांनी ती आमच्या घरी वाचून दाखवली तेव्हा बाबा उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

मुलाचं काम मी करायचं ठरलं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, पेजर विकणाऱ्या एका कंपनीत होतो. सात-आठ महिने संध्याकाळी ऑफिसातून थेट काकांकडे जायचो. सगळे संवाद पाठ होते, माझे आणि बापाचेही. दिवसा ग्राहकांशी बोलताना मनात तेच चाललेलं असायचं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं, पण मला वाटत होतं की हे झालं की मी नोकरी सोडीन.

चित्रीकरणाला आठवडा उरला असताना काकांनी मला स्कूटरवर मागे बसवून नोएडाला नेलं. अर्धवट बांधलेल्या इमारती होत्या, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. तिथे त्यांनी मला सांगितलं की मुलाचं काम पुण्याहून येणारा एक नट करणार आहे.

"तू चांगला करतोस रे. पण तुझं मराठी ऐकलं की मला खाली हिंदी सबटायटलं दिसतात. पुण्या-मुंबईत दाखवायचाय सिनेमा. लोक हसतील."

"मी चूक सुधारेन ना, काका."

"चूक असती तर सुधारली असती," ते म्हणाले. "तू माझ्याबरोबर राहा. कॅमेऱ्यामागे. मला तू लागशील."

मी राहिलो. हे मला आजही समजत नाही की मी का राहिलो. पुण्याचा तो नट स्वच्छ बोलायचा, इतकं स्वच्छ की तिसऱ्या दिवशी काका वैतागले. "अरे, हा दिल्लीत वाढलाय. तुझ्या बोलण्यात सदाशिव पेठ येतेय." मग त्यांनी मला हाक मारली. "याच्यासमोर संवाद म्हण. आणि तू नीट ऐक, हा कसा बोलतो ते. तसं बोल, फक्त थोडं कमी." मी म्हणायचो आणि तो ऐकायचा, चांगला मुलगा होता, मन लावून ऐकायचा. मी 'मला चांगलं नाही लागत' म्हणालो की तो ते दोनदा पुटपुटायचा आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन माझ्या आवाजात म्हणायचा. सगळे खूश होते. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचा राग मी पुढे कित्येक महिने जपून ठेवला.

सिनेमा पूर्ण झाला. कोपर्निकस मार्गावरच्या, महाराष्ट्र सरकारच्या जुन्या सदनाच्या हॉलमध्ये दिल्लीतल्या मराठी लोकांसाठी गणेशोत्सवात दाखवायचं ठरलं आणि मंडळाच्या चिटणीसांनी मला स्मरणिकेसाठी चार ओळी लिहायला सांगितल्या. "तू तर सगळं जवळून पाहिलंयस. बिल्कुल मनापासून लिही."

मी ऑफिसात दुपारच्या सुट्टीत लिहिलं. पहिल्या कागदावर वाक्य होतं, 'काकांचा हा चित्रपट म्हणजे एक प्रामाणिक प्रयत्न आहे.' ते मी वाचलं. मग 'प्रयत्न' खोडला आणि वर लिहिलं, 'चेष्टा'.

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्नच. 'ईमानदार चेष्टा' असं कोणीही हिंदी माणूस कौतुकाने म्हणेल. मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते मला पक्कं माहीत होतं. आई घरात दिवसातून दोनदा 'चेष्टा पुरे' म्हणायची. पण मी दिल्लीचा, माझं मराठी असलंच, हे सगळ्यांना माहीत होतं, काकांनीच ते सगळ्यांसमोर सिद्ध केलं होतं. माझ्याइतकी सुरक्षित जागा कोणाकडे नव्हती. शीर्षकही तेच दिलं. छापखाना करोल बागेत होता, तिथला अक्षरं जुळवणारा हिंदी भाषिक. त्याने जागोजाग 'मंडळ'चं 'मंडल' केलं होतं. माझा शब्द त्याला अगदी बरोबर वाटला असणार.

हॉल भरलेला होता. सिनेमाआधी चिटणीसांनी स्टेजवरून माझा मजकूर वाचून दाखवायला घेतला. शीर्षकावर ते अडखळले, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. मागून कोणीतरी म्हणालं, "निदान प्रामाणिकपणे तरी केली!" आणि हॉलभर हशा पिकला. लोक वाईट नव्हते. हसू आलं म्हणून हसले. काका पहिल्या रांगेत नवा कुडता घालून बसले होते. ते उभे राहिले, मागे वळले आणि हसतच म्हणाले, "अहो, पोरगं दिल्लीचं आहे. हिंदीतली चेष्टा आहे ती. हसायचं तर मला हसा, शिकवणारा मी."

मग दिवे मालवले आणि सिनेमा सुरू झाला. लोक अजून हसण्याच्याच मनःस्थितीत होते. बाप मुलाला पुण्याचं घर कसं असेल ते सांगतो, तिथे हसले. मुलगा माझ्या आवाजात बोलला की हसले. मी प्रोजेक्टरशेजारी उभा होतो. तिथून काकांची मान दिसत होती. ती हलली नाही.

परतीच्या बसमध्ये आईने विचारलं, "तुला तो शब्द माहीत नव्हता?"

"नाही."

ती खिडकीबाहेर बघू लागली. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि त्यानंतर घरात कधी 'चेष्टा पुरे' असंही म्हणाली नाही.

मंडळातले लोक काकांना भेटले की विचारायचे, "काय, पुढची चेष्टा कधी?" प्रेमाने विचारायचे. काका त्यांच्याबरोबर हसायचे. सिनेमा पुण्याला न्यायचा होता, तो नेला नाही. टेप कपाटावर गेल्या. दुसऱ्या गोष्टीची वही होती, तिचं पुढे काय झालं ते काकूंनाही माहीत नाही. ते मालिका करत राहिले, आणि गुडगावात टॉवर उठायला लागले तेव्हा बिल्डरांच्या जाहिराती. नमुन्याच्या फ्लॅटमध्ये खोट्या संत्र्यांची टोपली, आणि एक कुटुंब चाव्या हातात घेऊन हसतंय. "ही माणसं कुठून आली, कुठे चालली, काही नाही," ते मला एकदा म्हणाले. "फक्त हसायचं." माझ्यामुळे त्यांनी सिनेमा सोडला असं मी म्हणत नाही. तो चांगला होता की नव्हता, तेही मला सांगता येत नाही. पण त्याला नीट बघितलं जाण्याची एक संध्याकाळ मिळायला हवी होती, आणि ती मी घेतली.

काका मात्र माझ्याशी होते तसेच राहिले. जास्तच मऊ झाले. काकू निवृत्त झाल्यावर दोघं मुलीकडे गुडगावला राहायला गेले, अकराव्या मजल्यावर. मी गेलो की ते दारातच माझ्या चुका शोधायचे. आणि आल्यागेल्याला चेष्टेचा तो किस्सा सांगायचे. तो त्यांचा सगळ्यात आवडता किस्सा झाला होता.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी त्यांच्याकडे टॉवरमधलं एक तरुण जोडपं आलं होतं, पुण्याहून नोकरीसाठी आलेलं. काकांनी किस्सा सुरू केला. चिटणीसांचा चष्मा, मागून आलेला आवाज, सगळं वठवून दाखवलं. ती दोघं पोट धरून हसली. मग काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि खरं सांगू? त्या एका शब्दाने मला कळलं की मी चुकलो. माझ्या सिनेमातला मुलगा हाच होता. चेष्टा म्हणजे प्रयत्न असं मनापासून वाटणारा. मी बाहेरून नट आणला, आणि खरा मुलगा क्लॅप देत उभा होता."

जोडपं गेलं. काकू चहाचे कप घेऊन आत गेल्या. मी तिथेच गप्प बसायला हवं होतं की नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

"काका, मला माहीत होतं."

"काय?"

"शब्दाचा अर्थ. मी आधी प्रयत्नच लिहिलं होतं. मग खोडलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. नट होते, चेहऱ्यावर काय येऊ द्यायचं ते त्यांच्या हातात असायचं. त्या वेळी ते त्यांना जमत नव्हतं.

"मला राग आला होता," मी म्हणालो. "त्या कामाचा. माफ करा."

ते म्हणाले, "हे आज कशाला सांगितलंस?"

"इतकी वर्षं मनात होतं."

"ते तुझ्या मनात होतं," ते म्हणाले. "माझ्या मनात दुसरं होतं. ते बरं होतं रे." मग ते उठून आत गेले. काकूंनी विचारलं, काय झालं, मी काही नाही म्हणालो.

मी अजून जातो. दर दुसऱ्या शनिवारी, मेट्रोने आणि पुढे रिक्षाने. काकू दार उघडून "ये रे" म्हणतात. काका पेपर बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "या. बसा." पहिल्यांदा मला वाटलं, माझ्यामागे कोणी उभं आहे. ते रागावलेले नाहीत. मुलांची चौकशी करतात, माझ्या ऑफिसची करतात, मला लिफ्टपर्यंत सोडायला येतात. किस्सा मात्र आता सांगत नाहीत. काकूंनी एकदा त्यांना हटकलं, "अहो, याला काय अहो-जाहो करताय?" तर म्हणाले, "मोठे झालेत ते आता."

मी पन्नाशीला आलोय. दिवसभर लोक मला सर म्हणतात. त्या घरात मला कोणीतरी गाढव म्हणावं, एवढ्यासाठी मी दीड तास प्रवास करतो.

गेल्या खेपेला मी मुद्दाम म्हणालो, "काका, मागच्या वेळी नाही आलो, फार व्यस्त होतो." काकांच्या मराठीत व्यस्त म्हणजे उलटा, गणितातल्या व्यस्त प्रमाणातला. लहानपणी असल्या शब्दावरून त्यांनी माझी तासभर खेचली असती. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी ऐकलं होतं. भुवया किंचित वर गेल्या आणि खाली आल्या.

"हो का," ते म्हणाले. "दमला असाल. पाणी घ्या."