मेहुण्याची ओळ

दर रविवारी सकाळी आम्ही चौघं नगरच्या एमआयडीसीत, माझ्या मित्राच्या लेथ वर्कशॉपमध्ये बसून साहसं करायचो. म्हणजे खुर्चीवर बसूनच. मी, तो आणि त्याचे दोन फिटर. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि अवघड काही करायची वेळ आली की फासे टाकायचे. उडी बसली का, साप चावला का, ते फासे ठरवणार. इंग्रजी पुस्तकं आणून हा खेळ आम्ही शिकलो. पण आग ओकणारे प्राणी मारून आणि बर्फातले किल्ले जिंकून कंटाळा आला, तेव्हा एकदा मित्र म्हणाला, "मास्तर, आपला डोंगर लिहू की आपण."

पंचेचाळिशीच्या माणसाला एवढा आनंद झालेला बरा दिसत नाही. मला झाला. मी हायस्कुलात मराठी शिकवतो; त्या आठवड्यात निबंधाच्या वह्या मी न वाचताच सह्या करून परत दिल्या.

अकोले तालुक्यातल्या डोंगरात कड्यावरून दोरानं उतरून मध काढणाऱ्या माणसांचा खेळ करायचा ठरला. डोंगर मी लिहायचा, नियम त्यानं. ही वाटणी त्याचीच. त्याच्या वर्कशॉपात प्रत्येक मशीनवर त्यानं लिहिलेला बोर्ड आहे. 'हात घालण्याआधी लाल बटण दाबा. दिवा विझला का बघा. मग हात घाला.' नवा कामगार आला की तो त्याला बोर्डासमोर उभा करतो आणि स्वतः लांब जाऊन थांबतो. माणूस जिथं अडखळला तिथं बोर्ड चुकला, असं त्याचं म्हणणं. माणूस कधीच चुकलेला नसतो.

माहितीसाठी आम्ही राजूरच्या बाजाराला गेलो. तिथं मध विकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "कड्यावरनं कुनीबी उतरू द्या. वर दोर धराया त्याचा मेव्हनाच लागतो."

मित्रानं विचारलं, "भाऊ का नाही, बाबा?"

"भावाला जमिनीत वाटा गावंल की. मेव्हना न्हाई सोडायचा. भैनीचं कुंकू हाय खाली."

परतीच्या एस.टी.त जागा मिळाली तरी आम्हाला बसवेना. मी त्याला सांगत होतो, त्याच वेळी तो मला सांगत होता. कंडक्टर म्हणाला, "भांडन असंल तर खाली उतरून करा." संगमनेर यायच्या आत मित्रानं भेळेच्या कागदावर एक ओळ लिहून माझ्या हातात दिली:

'दोर धरणारा तुमचा मेहुणा असेल, तर फासे एकदा पुन्हा टाकता येतील.'

बस्स. मी ती तीनदा वाचली.  मी धुक्यावर, कपारींवर, मधमाश्यांच्या गुंजारवावर अकरा पानं लिहिली होती आणि त्या अकरा पानांत जे नव्हतं ते या ओळीत होतं. वर उभा असलेला माणूस होता, त्याची बहीण होती, दोराला बसलेला हिसका होता. शिवाय काय करायचं तेही होतं. आधी कळून मग भिडत नव्हतं. कळलं तेच भिडत होतं.

मी म्हणालो, "बरं आहे."

त्यानंतर मी जे केलं ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. दिल्ली दरवाज्याजवळच्या एका डीटीपी सेंटरवर आमच्या खेळाच्या पुस्तकाचं प्रूफ तपासायचं काम माझ्याकडे होतं. मित्र मशीन आणायला पुण्याला गेला होता. मी टाईप करणाऱ्या मुलीला ती ओळ खोडायला लावली आणि तिच्या जागी माझी सांगितली: 'दोराला धरणाऱ्याचं मन कळतं. आपल्या माणसाला तो एकदा माफ करतो, परक्याला ओळख देत नाही.'

टाईप करता करता ती मुलगी थांबली. "सर, मग फासे कधी टाकायचे?"

"तू टाईप कर," मी म्हणालो.

पुस्तक पहिल्यांदा परक्या माणसांनी खेळून बघायचं होतं, मिरजगावला. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथं कृषी सेवा केंद्र चालवते, तिच्या दुकानात. मित्र आला नाही. नियम लिहिणाऱ्यानं तिथं असूच नये, लोक त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचतात, हा त्याचा जुना हट्ट. मी जायचं, गप्प बसायचं, कुठं अडतात ते टिपायचं.

दुकानवाली, तिचा दीर आणि शेजारचा टेलर, खतांच्या गोण्यांमध्ये स्टुलं टाकून बसले. डोंगर वाचताना तिघंही रंगले. दुकानवाली मधासाठी कड्यावरून उतरली, टेलरनं वर दोर धरला. फासे पडले पाच. सुखरूप उतरायला किमान सात हवे होते. तिनं ओळ मोठ्यानं वाचली आणि सगळं थांबलं.

"माफ करतो म्हंजे? पुन्हा टाकू का मेले मी?"

"आपला मानूस म्हंजे कोन?" टेलर म्हणाला. "मी हाय का तुमचा?"

दीर म्हणाला, "तुमी कशाचे आपले? वहिनीचं ब्लाऊज तीन आठवडं झालं लटकवलंय."

"आता त्यो राग दोरानं धरायचा व्हय?"

अर्धा तास गेला. हसणं संपलं, नुसता वाद उरला. शेवटी तिनं पुस्तक मिटलं. "सर, वाचायला लई भारी हाय. खेळायला न्हाई येत. ह्यो नियम कोनी लिवलाय?"

मी म्हणालो, "माझ्या मित्रानं."

"त्यांना म्हनावं, साधं लिवा जरा."

पुस्तकाचं ते प्रूफ मी तिथंच विसरलो, की मुद्दाम ठेवलं, देव जाणे. मित्राच्या हाती ते पडलं नाही एवढं खरं. मी त्याला फक्त सांगितलं की दोराचा नियम लोकांना कळला नाही. तो कापसाच्या बोळ्यानं हात पुसत राहिला. मग म्हणाला, "घरात आम्ही दखनी बोलतो, मास्तर. बोर्डापुरतं मराठी येतं मला. पुस्तकाचं नाही येत."

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी म्हणालो, "होतं असं."

पुढं रविवार बंद झाले. आणि गेली तीन वर्षं तो प्रत्येक नवा बोर्ड आधी मला तपासायला पाठवतो. त्यात एकही चूक नसते. मी 'ठीक' लिहून परत पाठवतो आणि दिवसभर कुणाशी धड बोलत नाही.

गेल्या महिन्यात फोनवर असाच एक आला. 'मशीन चालू असताना मदतनीसाला एकटं सोडू नका.' खाली विचारलेलं: हे शुद्ध आहे का? मी शाळेत अर्धी रजा टाकली आणि स्कूटर काढली. भेळेचा कागद खिशात होता. तो मी जपून ठेवला होता, तेवढी माझी लायकी मला माहीत होती.

मशीनच्या आवाजात मला ओरडून सांगावं लागलं. सगळं सांगितलं, ओळ, डीटीपी, मिरजगाव. त्यानं मशीन बंद केलं.

"त्यांना माझं नाव सांगितलंस? मी लिहिलं म्हणून?"

"हो."

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाला, "फोन लाव. स्पीकरवर."

मी लावला. दुकानवालीला नमस्कार बिमस्कार न करता सगळं सांगितलं. तिनंही फोन स्पीकरवर टाकला असावा, मागून दिराचा आणि टेलरचा आवाज येत होता.

"सर, दहावीला मी कॉपी केली म्हणून तुमी मला वर्गाबाहेर तासभर उभं केलं हुतं."

"हो."

"मग आता तुमाला किती येळ उभं करावं?" मित्र गालात हसतोय असं मला वाटलं, खात्री नाही. ती पुढं म्हणाली, "आन् आमी तर खेळतोच हाय. दर आमुशेला, दुकान बंद असतं तवा."

"त्याच पुस्तकावरून?"

"तुमची ओळ खोडली की आमी. आमचा नियम केला. उतरनाऱ्यानं फासे टाकायचेच न्हाईत. वर ज्यानं दोर धरलाय त्यानं टाकायचे. टेलरचं हात कापत्यात बगा."

मित्र एका पावलात माझ्याजवळ आला आणि फोन त्यानं माझ्या हातातून काढून घेतला.

"ताई, नियम लिहिणारा बोलतोय. एक सांगा, धरणारा दमला तर? फासे दुसऱ्याला देता येतात का?"

पलीकडून तीन माणसं एकदम बोलायला लागली. दीर म्हणत होता देता येतात, टेलर म्हणत होता अजिबात न्हाई. मित्रानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेलेल्या महिन्याचं पान फाडलं, उलटं करून लेथवर पसरलं आणि "हळू, एकेकानं" असं त्यांना सांगितलं. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. पेनासाठी नुसता हात पुढं केला.