वेबसाइटवरून भरलेला चुडा

"मुकी हाय काय ही तुमची भाची?"

पडद्यापलीकडून एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं.

"मुकी न्हाय," आत्या म्हणाली, "इंग्लिश मीडियम हाय."

"आगो बाय!" बाई हळहळल्या. "आणि मग आता?"

मी पडद्याआड लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. बांगड्यांच्या फोटोतून आत्याच्या मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग पुसत होते. बाहेर जाऊन "मी बोलते" एवढं म्हणाले असते तरी विषय संपला असता. मी डाग पुसत राहिले.

बोर्ली पंचतनच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान आजोबांच्या वेळेपासूनचं. आता एकटी आत्याच चालवते. मी पनवेलला शिकले आणि शिक्षण संपल्यावर, नोकरी मिळेपर्यंत म्हणून, तिच्याकडे राहायला आले. गावातल्या मुली लग्न करून डोंबिवलीला नाहीतर नवी मुंबईला जातात आणि मे महिन्यात, गणपतीत तेवढ्या दुकानात दिसतात. मधल्या महिन्यांत आत्या माल पुसत बसते. शेजारच्या मोबाईलवाल्याचा आमच्या गाळ्यावर डोळा होता. आत्याने त्याला तुळशीच्या लग्नापर्यंत थांबायला सांगितलं होतं.

ऑनलाइन दुकानाची कल्पना माझी. मुली दुकानात येत नाहीत तर दुकान त्यांच्याकडे जाईल, असं मी आत्याला समजावलं. खरं कारण सांगितलं नाही. वेबसाइटवर विकताना कुणाशी बोलावं लागत नाही.

आत्याने ऐकून घेतलं आणि अट घातली. "तुळशीच्या लग्नापर्यंत तुझ्या त्या वेबसाइटीवरनं एका नवरीचा अख्खा चुडा जाऊ दे. हातात भरला पायजे, परत येता नये. मग मी हितनं हलत न्हाय. न्हायतर गाळा मोबाईलवाल्याला."

मी कामाला लागले. पहिली अडचण मापाची. बांगडीला माप असतं, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. आकडा वाढेल तशी बांगडी मोठी. वेबसाइटवर ते निवडायची सोय केली, सोप्या भाषेत सूचना लिहिल्या, दोऱ्याने हात कसा मोजायचा याचं चित्रसुद्धा काढलं. आत्याने चित्र पाहून विचारलं, "हा हात हाय का भेंडी?"

आठवडाभरात ऑर्डरी आल्या. पुढच्या आठवड्यात त्या सगळ्या परत आल्या. प्रत्येक पाकिटावर तीच तक्रार, बांगडी लहान होते.

"मी काय बोलले होते?" आत्या म्हणाली. ती काही बोलली नव्हती, पण तिच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं.

मला वाटलं, बायका खोटं माप सांगतात. दुकानातही प्रत्येकीला आपला हात लहान वाटतो. "दोन-चार द्या," म्हणत हात पुढे येतो. आत्या उत्तर देत नाही, नुसता हात धरते, अंगठ्याखालचं हाड चाचपते आणि हवा तो डबा उघडते. मी चित्र सुधारलं, सूचना वाढवल्या. तरीही पाकिटं परत येतच राहिली.

मग एका दुपारी, परत आलेल्या पाकिटातल्या बांगड्या डब्यात भरताना, त्यातली एक मी सहज हातात घालायला गेले. दोन-चार. माझं नेहमीचं माप. बांगडी हाडापाशी अडकली. साबण लावला, तरी अडकली. आणि माझ्या दुसऱ्या हातात त्याच मापाच्या चार बांगड्या होत्या, गेल्याच महिन्यात आत्याने भरलेल्या.

मी आत्यापुढे हात केला. तिने चार बोटं जुळवली, अंगठा तळव्यात दुमडला, एकदा दाबलं. "काय गो, तुझ्या शाळंतल्या बाई रागीट होत्या ना? त्या आता कुठं असतात?" मी आठवू लागले, तेवढ्यात बांगडी मनगटावर होती.

लहानपणी सुट्टीत आले की ती मला असंच विचारायची, यंदा बाईंनी कुणाला मारलं? मला वाटायचं तिला शाळेत फार रस आहे. त्या दुपारनंतरचे चार दिवस मी पडद्याच्या फटीतून फक्त हात पाहिले. नव्या सुनेची बांगडी हाडापाशी आली की आत्या विचारायची, "सासू कशी हाय स्वभावाला?" सासवांना विचारायची, सून कशी आहे. उत्तर द्यायला तोंड उघडलं की हात सैल पडायचा आणि बांगडी आत. चौकशीच्या नावाने गावभर बदनाम असलेली माझी आत्या खरं तर कुणाचंच उत्तर ऐकत नव्हती.

म्हणजे बायका खोटं बोलत नव्हत्या. आत्याच्या हातून जिला दोन-चार येते, तिला घरी एकटीने घालायला दोन-सहा लागते. चूक माझी होती. मी बांगडी पाठवत होते आणि ती भरणारी बाई इथेच ठेवून घेत होते.

वेबसाइटवर मी एक ओळ घातली, दुकानात घालता त्यापेक्षा एक माप मोठं घ्या. पाकिटं परत यायची थांबली. पण चुड्याची ऑर्डर काही येईना. आली ती दिवाळीनंतर, डोंबिवलीहून. माहेर इथलंच होतं, आत्याने तिचा हात लहानपणापासून भरलेला. मी तिला ती ओळ पुन्हा कळवली. तिचं उत्तर आलं, सैल चुडा फोटोत वाईट दिसतो, दोन-चारच पाठवा. मी आग्रह करायला हवा होता. त्यासाठी फोन करावा लागला असता. मी दोन-चार पाठवला.

तुळशीच्या लग्नाच्या सकाळी मोबाईलवाला मोजायची टेप घेऊन हजर झाला. गाळ्याची रुंदी घ्यायला लागला. आत्या एका बाईंच्या हातात बांगड्या भरत होती. भरता हात अर्धा सोडून ती कधीच उठत नाही, दारात कुणी का असेना. त्याच वेळी माझा फोन वाजला. डोंबिवली. व्हिडिओ कॉल.

फोनच्या पडद्यावर साबणाने माखलेला एक हात होता, त्यावर हाडापाशी अडकलेली हिरवी बांगडी आणि ती ढकलणारी नवरीची मावशी. "जातच नाही ओ ही! दोन तासांत हळद आहे. फुटली तर काय करू? परत घ्या तुमचा चुडा!"

"आत्या," मी म्हणाले.

"माझ्या हातात हात हाय," आत्या मान वर न करता म्हणाली. "तू बोल."

मी चटकन टाइप केलं, कृपया हात सैल ठेवा. पाठवलं. डोंबिवलीत कुणी वाचलं नाही. सगळ्यांचे हात साबणाचे. मोबाईलवाल्याने टेप दुसऱ्या भिंतीला लावली.

"चार बोटं जुळवा," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखीचा वाटला नाही. "अंगठा आत दुमडा. आता दाबा. ढकलू नका."

मावशींनी दाबलं. नवरी ओरडली आणि हात पुन्हा लाकडासारखा झाला. मागे खुर्चीवर एक तरुण बाई बसली होती, उष्टी हळद घेऊन नवऱ्यामुलाच्या घरून आलेली. ती सगळं लक्ष देऊन पाहत होती. मी तिला पाहिलं होतं. तरी विचारलं.

"सासू कशी आहे गं स्वभावाला?"

डोंबिवलीत सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या. आमच्या दुकानात मोबाईलवाल्याची टेपही थांबली. मग खुर्चीवरची म्हणाली, "सांग ना वहिनी. मलाही ऐकायचंय. माझीच आई आहे."

नवरीने तोंड उघडलं, मिटलं, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेचना. मावशींनी तेवढ्यात दाबलं. बांगडी हाडावरून सुळकन घसरून मनगटावर जाऊन बसली.

"गेली!" मावशी किंचाळल्या.

आत्याने आपल्या हातातला हात भरून संपवला, बाईंच्या मनगटावरचा साबण फडक्याने पुसला आणि मोबाईलवाल्याला म्हणाली, "दादा, टेप गुंडाळा."

"अजून सगळा चुडा बाकी आहे ना?" तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी फोन जरा जवळ धरला.

"मावशी, दुसरी घ्या," मी म्हणाले. "आणि वहिनी, आता नणंदेचं सांगा."